गावाची सतरंजी आणि वरठ्याचा घाट

अमरावती जिल्ह्यातल्या तिवस्यात आणि आजूबाजूच्या खेड्यांत गावाची म्हणून एक सतरंजी असायची. ती कोणा एका घरची नसे. वर्गणी काढून घेतलेली, मारुतीच्या देवळात नाहीतर भजनी मंडळाच्या खोलीत गुंडाळून उभी केलेली, लाल-निळ्या पट्ट्यांची, दोन माणसांशिवाय न उचलणारी. लग्नाची पंगत बसली की ती निघे. तेरवीला निघे, पंचायत बसली की निघे, काकड आरतीला, कीर्तनाला आणि पुढे निवडणुकीच्या सभेलाही निघे. सरकारी साहेब गावात आला की चावडीत तीच अंथरली जाई. गावात जे काही महत्त्वाचं घडलं ते तिच्यावर बसून घडलं, आणि जे सांडलं ते तिच्यावरच सांडलं.

सांडलेलं काढायचं काम आमच्या घराकडे होतं. मी वरठ्याची मुलगी. देशावर ज्यांना परीट म्हणतात त्यांना वऱ्हाडात वरठी म्हणतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करून निवृत्त झाले, पण शाळेच्या आधी आणि शाळेनंतर माझी दुसरी शाळा पिंगळाई नदीच्या पात्रात भरत असे. तिथे माझी माय आणि घरातले वडीलधारे आबाजी शिकवायचे. गावाच्या इतिहासात सतरंजीवर बसलेल्यांची नावं सापडतात. सभेचा अध्यक्ष कोण होता, महाराज कोणते आले, नवरदेव कोणत्या गावचा होता, हे सगळं लोक सांगतात. ती सतरंजी दुसऱ्या दिवशी कोणाच्या डोक्यावरून नदीवर गेली, हे कोणी सांगत नाही. म्हणून मी लिहिते आहे.

नदीच्या आधी पायघडीचं सांगितलं पाहिजे, कारण आमच्या कामाची सुरुवात तिथून होते. बारा बलुतेदारांत परिटाचं काम कपडे धुण्याचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण लग्नात वरातीच्या वाटेवर, देवाच्या पालखीपुढे किंवा मोठा माणूस गावात येताना त्याच्या पायाखाली कापड अंथरायचं, हा मानही परिटाचाच. नवरदेव एका घडीवरून पुढे सरकला की मागची उचलून पुढे टाकायची. मांडवाच्या दारापर्यंत हे चाले. त्याबद्दल शेला, खण, नारळ, थोडे पैसे मिळत. पायाखालचं कापड टाकणारा आणि ते धुणारा एकच माणूस असण्यामागे गावाचा व्यवहार होता. धुण्याची खात्री ज्याच्याकडे, त्यानंच मळायला कापड द्यायचं. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंडांचं पुस्तक काढलं. त्यात धोबी या प्रकरणाच्या मथळ्यातच वरठी आणि परीट ही नावं आहेत. छापील कागदावर आमचं नाव आलं ते असं, जातीच्या यादीत. विद्येच्या यादीत आलं नाही.

सतरंजी कुठून यायची? आमच्याकडे अकोटचं नाव घेत. अकोला जिल्ह्यातलं अकोट सुती सतरंज्यांसाठी जुनं नावाजलेलं गाव आहे. कापूस वऱ्हाडचा, विणकर वऱ्हाडचे, आणि फार पूर्वी रंगही वऱ्हाडचाच होता. आल नावाचं झाड इथे रंगासाठी लावत. त्याच्या मुळांपासून लाल रंग निघे. निळ्यासाठी नीळ. आबाजींच्या बोलण्यात जुन्या आलीच्या रंगाच्या सतरंजीबद्दल फार आदर होता. त्यांनी स्वतः तिचे शेवटचे तुकडेच हाताळले असतील, पण त्यांच्या बापानं सांगितलेलं ते सांगत: तो लाल रंग धुण्याला भीत नसे, धुऊन धुऊन मऊ होई, उतरत नसे. 1868 मध्ये जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान या रसायनशास्त्रज्ञांनी एक लाल रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार केलं, 1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली, आणि आलीची शेती हळूहळू संपली. त्याच काळात 1867 साली मुंबईहून नागपूरकडे जाणारी रेल्वे वऱ्हाडातून पुढे गेली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव चढलाच होता. जमीन कापसाखाली गेली आणि रंग पुडीतून यायला लागला. पुडीतला रंग वाईटच असतो असं नाही. पण स्वस्तातला रंग पहिल्या धुण्याला पाणी लाल करतो, आणि शिव्या विणकराला बसत नाहीत, रंगाऱ्याला बसत नाहीत, वरठ्याला बसतात. म्हणून नवी सतरंजी हातात आली की माय आधी तिचा कोपरा ओला करून पांढऱ्या धडप्यावर दाबून बघे. धडप्याला रंग लागला की त्या सतरंजीला राखेच्या खाराचं पाणी नाही, गरम पाणी नाही, नुसतं वाहतं थंड पाणी.

आता धुण्याकडे येते. यावर मी थांबून लिहिणार आहे, कारण हेच कुठे लिहिलेलं नाही.

पहिला नियम पाण्याचा नव्हता, कोरडेपणाचा होता. लग्नाची सतरंजी दुसऱ्या दिवशी आली की लोकांना वाटे, आता ही नदीत बुडवतील. माय तिला हात लावू देत नसे. आपली काळी माती म्हणजे कापसाची माती. तिचे कण फार बारीक. ओली झाली की फुगते, आणि सुताच्या दोन धाग्यांच्या मध्ये जाऊन बसते. ओल्यातच घासली की ती आणखी आत जाते आणि लाल पट्ट्यावर कायमची काळी झाक येते. म्हणून माती आधी वाळू द्यायची. मायचं वाक्य ठरलेलं होतं, "मातीले वायू दे. वायली का थे सोताच सुटते." मग सतरंजी कमी उंचीच्या भिंतीवर उलटी टाकायची, म्हणजे बसायची बाजू आत आणि पाठ बाहेर. धोपाटण्यानं नाही, लांब लवचीक काठीनं पाठीवरून मारायचं. आतली माती जिथून शिरली तिथूनच खाली पडते. हे काम दुपारच्या उन्हात करायचं. सकाळच्या दवात माती सुटत नाही.

त्यानंतर डाग बघायचे, आणि बघायचे म्हणजे खरोखर वाकून, वास घेऊन, नखानं खरवडून बघायचे. पंगतीच्या सतरंजीवर वरणाचा पिवळा डाग आणि हळदीचा पिवळा डाग शेजारी शेजारी असतात. वरणात तेल आहे. त्यावर आधी पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, चाळलेली राख टाकून दाबून ठेवायची, म्हणजे तेल राखेत येतं. हळदीच्या डागाला मात्र खार किंवा साबण लागला की तो लालभडक होतो. नवख्या माणसाला वाटतं, रक्त सांडलं. "हयदीले साबन दाखवू नोको, तिले ऊन दाखव," माय म्हणे. हळदीच्या रंगाला उजेड सहन होत नाही. पाण्यानं धुऊन दोन-तीन कडक उन्हं दिली की तो डाग फिका पडत जातो. शाळेत मी विज्ञान शिकवत असे. हळदीचा कागद करून आम्ल आणि अल्कली ओळखण्याचा प्रयोग पुस्तकात आला, तेव्हा वर्गातली मुलं चकित झाली. मला तो प्रयोग घाटावरून ठाऊक होता.

पानाची पिंक सगळ्यात वाईट. तिच्यात चुना आहे, कात आहे, आणि कात कापडाला रंगासारखाच धरतो. पिंक ताजी असेल तर ताक नाहीतर लिंबू लावायचं. वाळलेली असेल तर ताकात भिजत ठेवायचं. खार लावला की कात आणखी गडद होतो. चहा आला तोही याच जातीचा डाग घेऊन आला. रक्ताला गार पाणी, गरम कधीच नाही; गरमानं ते शिजतं आणि धाग्याला चिकटतं. बैलगाडीच्या आसाचं वंगण पायाला लागून सतरंजीवर येई. त्याला जवसाचं तेल लावून आधी मऊ करायचं, मग रिठ्याच्या पाण्यानं दोन्ही तेलं एकदम काढायची. लोखंडाचा गंज चिंचेनं. बिब्ब्याचा डाग मात्र निघत नाही. म्हणूनच आम्ही घराघरांच्या कपड्यांवर खूण घालायला बिब्बाच वापरत होतो. निरक्षर माणूस शेकडो कपड्यांतून कोणाचं धोतर कोणतं हे त्या ठिपक्यांवरून सांगत असे. सतरंजीलाही कोपऱ्यात गावाची खूण असायची.

नावेतल्या जाजमाचे डाग वेगळे, तेही सांगते. कौंडिण्यपूर आमच्या तालुक्यातलं. वर्धा नदीच्या काठावरचं, रुक्मिणीचं माहेर म्हणून सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेलं. पलीकडे वर्धा जिल्हा, आर्वीचा भाग. पूल नव्हता तेव्हा नदीला पाणी असेपर्यंत माणसं नावेनं जात-येत. आमच्या घरी आबाजी सांगत, लग्नाचं वऱ्हाड पलीकडून येणार असलं की नवरीसाठी आणि बायकांसाठी नावेत जाजम टाकत. नावेच्या तळाला नेहमी थोडं पाणी असतं. ते गढूळ असतं. फळ्यांच्या फटी बुजवलेल्या असतात, आणि त्या डांबराचा, राळेचा काळा चिकट पट्टा जाजमाला लागतो. वरून नदीचा गाळ. ते जाजम ओलंच गुंडाळून आणलं तर दुसऱ्या दिवशी त्याला कुबट वास येई आणि काळे ठिपके पडत, ती बुरशी. आबाजींचा नियम असा: नावेतलं जाजम काठावर उतरल्या उतरल्या रेतीत पसरायचं. लग्न थांबेल पण जाजम थांबणार नाही. रेतीत ते निथळतं, गाळ वाळतो, मग झटकायचा. डांबराला पाणी, साबण, खार काही चालत नाही. त्याला तेलच लागतं. जवसाचं तेल चोळून डांबर सैल करायचं, बोथट विळ्यानं खरवडायचं, पुन्हा तेल, मग रिठा, मग वाहतं पाणी. डांबर घासायला गेलं की पसरतं. ते बाहेरून आतल्या बाजूला गोळा करत आणायचं असतं. मी हे डांबरी रस्त्याच्या कामावरून परतलेल्या माणसांच्या चादरींवर पुढे अनेकदा केलं, आणि दर वेळी चाललं.

कार्तिकात कौंडिण्यपूरला यात्रा भरते, दहीहंडी होते. त्या यात्रेहून परतलेल्या दिंड्यांच्या सतरंज्यांवर दही, लाह्या आणि चिखल असे. दही वाळलं की खरवडून निघतं. त्याला घाई केली तर आंबट वास महिनाभर राहतो.

कोरडं काम संपलं की मग नदी. सतरंजी उभी दुमडून पाण्यात टाकायची, वरच्या टोकावर दगड ठेवायचे आणि पाण्याला काम करू द्यायचं. बराच वेळ पाणी गढूळ जातं. ते निवळलं की खाराचं पाणी. पऱ्हाटीची, तिळाच्या काड्यांची, आघाड्याची राख फडक्यातून गाळून जे तुरट, निसरडं पाणी निघतं ते. कापसाला खार चालतो. लोकरीला चालत नाही. धनगरांच्या घोंगड्या आम्ही रिठ्याच्या गार पाण्यातच धूत होतो. दगडावर आपटायला सतरंजी फार जड, भिजल्यावर तर उचलतही नाही. म्हणून पायानं तुडवायची. बायका एका ओळीत उभ्या राहून टाचेनं तुडवत पुढे जात, परत मागे येत. नंतर पुन्हा वाहतं पाणी, इतकं की शेवटी तोंडात घेतलं तरी खार लागू नये. माय खरोखर चाखून बघत असे. खार राहिला तर सूत पुढच्या उन्हाळ्यात तुटतं.

पिळता येत नाही म्हणून उतरत्या शिळेवर निथळायला ठेवायची. अर्धी ओली असताना चारी कोपरे धरून ताण द्यायचा, नाहीतर वाळल्यावर ती वाकडी होते आणि जन्मभर वाकडीच राहते. दोरीवर टाकायची नाही. स्वतःच्या वजनानं मध्ये ताणली जाते. रेतीवर पसरायची, दुपारी पालटायची, संध्याकाळच्या आत उचलायची. घडी पट्ट्यांच्या बाजूनं, आत कडुनिंबाचा वाळलेला पाला. कसर लागलेली सतरंजी मी आमच्या घरी पाहिली नाही.

पांढरी जाजमं आणि पायघड्या यांना मात्र भट्टी लागे. खाराच्या पाण्यात भिजवलेले कपडे उकळत्या पाण्याच्या भांड्याभोवती रचायचे आणि रात्रभर वाफ द्यायची. भट्टीची रात्र म्हणजे जागरण. सगळं घर तिथे असे.

आमच्या तिवस्याकडचं पाणी साधारण चांगलं. पण माझी आत्या दर्यापूरकडे दिलेली होती, पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या त्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारट आहे. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, कपडा वाळला की त्याला पांढरी कड येते. तिथल्या वरठ्यांना धुण्याचं पाणी पावसाळ्यात तळ्यानाल्यांचं मिळे, आणि उन्हाळ्यात हाल. आत्या म्हणायची की तिच्या गावात सतरंजी दिवाळीनंतर एकदाच धुतात, पुढे फक्त झटकतात. झटकण्याची विद्या तिच्या सासरी आमच्यापेक्षा पुढे होती ती यामुळेच.

आणि त्याच पट्ट्यातून गाडगेबाबा आले. 23 फेब्रुवारी 1876 रोजी अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावला वरठ्याच्या घरात डेबूजीचा, म्हणजे पुढच्या गाडगेबाबांचा, जन्म झाला. वडील गेल्यावर आईबरोबर तो मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी वाढला. 1905 साली त्यांनी घर सोडलं. पुढे पूर्णेच्या काठी ऋणमोचनला लोकांसाठी घाट बांधवला. इतर संतांनी मंदिरं बांधली, यांनी घाट बांधला. त्याचं कारण मला कोणी सांगायची गरज नाही. पाण्याकडे उतरायला धड पायरी नसली की डोक्यावरच्या ओल्या गठोड्यासकट माणूस कसा घसरतो, हे वरठ्याच्या पोराला ठाऊक असतं. कीर्तनाच्या आधी ते गाव झाडत. लोकांना त्यांचा झाडू दिसतो. मला त्यांच्यात मातीला आधी वाळू देऊन मग झटकणारा माणूस दिसतो, रागावण्याच्या आधी समजून घेणारा. 20 डिसेंबर 1956 रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला.

एक गोष्ट लपवून हा इतिहास सांगता येणार नाही. वरठी कोणाचे कपडे धुणार आणि कोणाचे नाही, हे गाव ठरवत असे, आणि आमच्या लोकांनी ते मानलं. अस्पृश्य ठरवलेल्या वस्तीचं गठोडं आमच्या घाटावर येत नसे. आणि गावाच्या सतरंजीवर त्या वस्तीच्या माणसाला जागा नव्हती. तो सतरंजी संपते तिथून पुढे, मातीवर बसे. तो बसला नाही म्हणून त्याच्यामुळे सतरंजी कधी मळली नाही, आणि तरी विटाळाचं बोट त्याच्याकडेच होतं. नोव्हेंबर 1927 मध्ये अमरावतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली, ती अंबादेवीच्या मंदिर प्रवेशासाठी. शहरात प्रश्न देवळाच्या दाराशी उभा राहिला. खेड्यात तोच प्रश्न सतरंजीच्या काठाशी होता, आणि तो अनेक वर्षं तिथेच राहिला. आमची जात स्वतः खालची मानली जात असताना आम्ही आणखी कोणाला तरी बाहेर ठेवलं, हे माझ्या मनाला आजही टोचतं.

माझ्या लहानपणी हे बदलताना मी पाहिलं ते मोझरीला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 साली गुरुकुंज आश्रम स्थापन केला तो आमच्याच तालुक्यात. ग्रामगीतेत त्यांनी ग्रामशुद्धीला अख्खा अध्याय दिला आहे. तिथे सामुदायिक प्रार्थनेला सगळे एकाच बिछायतीवर, ओळीत बसत. आणि माझ्यासाठी त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती बिछायत उचलायला आणि झटकायला जातीचा माणूस शोधावा लागत नसे. ऑक्टोबरच्या पुण्यतिथी महोत्सवाच्या आधी सेवक चारी कोपरे धरून उभे असत, त्यांत पाटलाचा मुलगा असे आणि वस्तीतला असे. माय ते बघत उभी राहिली. मग पुढे गेली आणि म्हणाली, "असं नाही, उलटी करा आधी." त्यांनी उलटी केली. तिचं म्हणणं गावातल्या मोठ्या माणसांच्या पोरांनी ऐकलं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

बलुतं तोवर मोडत आलं होतं. खळ्यावर मिळणारी ज्वारी आणि तूर यांवर आमचं घर चाले. शेतात पऱ्हाटी वाढली तसं खळं लहान झालं, आणि स्वातंत्र्यानंतर काम रोख पैशावर आलं. साबण त्याच्या फार आधीपासून येत होता. सनलाईट 1888 साली भारतात उतरला, पण खेड्यातल्या वरठ्याच्या हाती तो लगेच आला नाही. त्याआधी धुण्याचा सोडा आला. बेल्जियमच्या सॉल्व्हेनं 1860 च्या दशकात तो मिठापासून स्वस्तात करायची रीत बसवली होती. पुढे 1939 साली गुजरातेत मिठापूरला टाटांचा कारखाना निघाला. सोड्यानं राखेचं काम सोपं केलं, आणि राख गाळण्याची रीत एका पिढीत विसरली गेली. 1959 मध्ये सर्फ, 1969 मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांची निरमा. निरमा आली आणि घरोघरच्या बायका आपापले कपडे घरीच धुवायला लागल्या. मला याचं दुःख नाही. आमच्या बायकांचे हात खारानं फुटायचे, हिवाळ्यात रक्त निघायचं. पण कपडे घरी गेले तरी सतरंजी आमच्याकडेच राहिली. ती घरच्या मोरीत मावत नाही.

मग सतरंजीही गेली. आता लग्नाला बिछायत केंद्रातून हिरवं, लाल कार्पेट येतं, खुर्च्या येतात. ते सुती नसतं. बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचं असतं; समुद्रावरच्या बोटींत तळाला अंथरतात तेही याच जातीचं. ते पाणी पीत नाही, लवकर वाळतं, कुजत नाही. हलकं आहे, एक माणूस उचलतो. हे गुण खरे आहेत आणि मी ते नाकारत नाही. पण तेलाचा डाग त्याला सुतापेक्षा जास्त धरतो, आणि गरम पाणी, वाफ त्याला सोसत नाही. आमची भट्टी त्याच्या उपयोगाची नाही. महामार्गावरच्या वॉशिंग सेंटरवर ते जोराच्या फवाऱ्यानं धुतात. ट्रकच्या केबिनमधली मॅटही तिथेच. मी एकदा उभी राहून पाहिलं. पोरगा कष्टाळू होता, पण त्यानं चिखलानं भरलेलं कार्पेट सरळ पाण्याखाली घातलं. काळी माती विणीत जाऊन बसली आणि तो तासभर फवारत राहिला. मी त्याला सांगितलं, बाबू, आधी वाळू दे, उलटं टाक, झटक, मग पाणी मार. पुढच्या वेळी त्यानं तसं केलं आणि पाणी निम्मं लागलं, असं त्यानंच मला सांगितलं. कापड बदललं, माती तीच आहे. हळद तीच आहे, पान तेच आहे. सिंथेटिकवरही तेलाला आधी कोरडी राख नाहीतर पीठ चालतं, डांबराला थोडं तेल चालतं, आणि ओलं गुंडाळलं तर कुबट वास येतोच. आबाजींचं नावेतल्या जाजमाचं शास्त्र आजच्या बोटीलाही लागू पडेल.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या एका गावच्या भजनी मंडळाची जुनी जमाखर्चाची वही माझ्या हाती आली. त्यात सतरंजी कोणत्या साली घेतली, वर्गणी कोणी किती दिली, टाळ कितीला आणले, पेटी दुरुस्त करायला काय पडलं, सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं. धुण्याची एकही नोंद नव्हती. ती सतरंजी वर्षानुवर्षं गावाच्या वापरात होती. ती धुतली गेली नसेल असं होऊच शकत नाही. धुणारीचं नाव राहू दे, तिला दिलेली शेरभर ज्वारीसुद्धा वहीत आली नाही, कारण ते हिशेबात धरण्यासारखं काम आहे असं लिहिणाऱ्याला वाटलं नाही.

अमरावती विद्यापीठ 1983 साली स्थापन झालं आणि 2005 पासून त्याला संत गाडगेबाबांचं नाव आहे. वरठ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाचं नाव विद्यापीठावर आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. तिथल्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. रसायनशास्त्राच्या असा, इतिहासाच्या असा, मराठीच्या असा, तुमच्या गावातल्या सत्तरी-ऐंशीच्या वरठीण आजीकडे जा. तिला विचारा की हळदीला काय करायचं, कात कसा काढायचा, कोणत्या झाडाची राख चांगली, घाटावरची कोणती शिळा कोणाची होती. ती सांगेल तसं, तिच्याच बोलीत लिहून घ्या. तिच्या गावात कोणाचे कपडे धुतले जात नव्हते, हेही विचारा आणि तेही लिहा. आणि ज्यांच्याकडे मंडळाच्या, देवळाच्या, सभागृहाच्या वह्या आहेत त्यांनी या दिवाळीपासून एक रकाना वाढवावा: बिछायत कोणी धुतली आणि धुणारीला किती दिले. मायच्या पिढीतल्या बायका आमच्या तालुक्यात आता थोड्याच उरल्या आहेत, म्हणून हे काम याच वर्षी झालं पाहिजे.